बूट काढायला लावणारे नाना

नानांना हळू बोलता येत नसे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत त्यांचा जन्म तांब्याच्या भांड्यांवर हातोडी चालवण्यात गेला. सकाळी ठोके सुरू झाले की शेजारच्याला साधी हाक मारायची तरी ती ठोक्यांच्या वरून मारावी लागे. पुढे कान गेले, उजवा जवळजवळ पूर्ण आणि डावा अर्धा; आवाज मात्र होता तेवढाच राहिला. "चहा घेणार का?" हे नाना अशा सुरात विचारत की नवखा माणूस घाबरून उठून उभा राही. पेठेत कुणाला त्याचे काही वाटत नसे. नाना ओरडत नाहीत, बोलताहेत, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते. बाहेरच्यांना ते ठाऊक असायचे काही कारण नव्हते.

गणपतीच्या दिवसांत नाना हातोडी खाली ठेवत आणि आमच्या मंडळाच्या मांडवाच्या तोंडाशी स्टूल टाकून बसत. काम एकच. कुणी पायांत काही घालून आत जायचे नाही. हे काम त्यांना कुणी दिले नव्हते आणि कुणाची काढून घ्यायची छातीही नव्हती. एकदा एक पुढारी पांढरे बूट घालून, मागे दहाबारा माणसे घेऊन आले. नानांनी हात आडवा घातला. पुढाऱ्यांचा माणूस म्हणाला, "अहो काका, साहेब आहेत, दोन मिनिटांत निघायचंय त्यांना." नाना म्हणाले, "असू देत की साहेब. तो बघा उंदीर. एवढा गणपतीच्या घरचा, तोसुद्धा अनवाणी बसलाय." सगळी रांग हसली. साहेबांनी बूट काढले. एका मोज्याला भोक होते. तेही नानांनी बघितले, पण त्यावर काही बोलले नाहीत.

नानांचा कडकपणा एवढाच सांगितला तर ते अर्धेच सांगितल्यासारखे होईल. दुपारी फरशी तापली की नाना स्वतः बादली आणून पाणी ओतत. ज्यांना वाकता येत नाही अशा म्हाताऱ्यांच्या चपलांचे पट्टे ते स्वतः खाली बसून सोडत. एक छोटी मुलगी नवे बूट काढायला तयार नव्हती, रडून गोंधळ. नाना म्हणाले, "दे इकडे. मांडीवर ठेवतो. तू येईस्तोवर हलत नाही मी." आणि ती येईपर्यंत ते लाल बूट मांडीवर घेऊन बसून राहिले. मधे कुणी चहा आणला, तोही त्यांनी एका हाताने प्यायला. "चप्पल घातलेला माणूस कळत नाही," ते म्हणत, "काढताना कळतो."

मंडळाच्या स्मरणिकेसाठी नानांवर दोन पाने लिहा, असे मला सांगण्यात आले आहे. वरचे तीन परिच्छेद लिहिले तेव्हा वाटले, असेच लिहीत जावे. गमतीजमती पुष्कळ आहेत. पण महाराष्ट्रभर नाना ओळखले गेले ते 'बूट काढायला लावणारा म्हातारा' या वेगळ्याच नावाने, आणि ते नाव त्यांना का मिळाले हे पेठेत फक्त मला माहीत आहे. ते सोडून बाकी सगळे लिहिणे मला आता जमायचे नाही.

मी तेव्हा मंडळाचा कार्यवाह होतो. त्या वर्षी आमच्या अध्यक्षांनी काढले की, शेवटच्या दिवसांतली एक आरती जवानाच्या हस्ते करायची. एका कार्यकर्त्याच्या ओळखीतून मावळातला एक तरुण जवान मिळाला. जखमी होऊन आला होता, पुण्यातच उपचार चालू होते. एवढेच आम्हाला कळले होते. वर्दीत यावे, असा आग्रह आमचाच. फोटो चांगले येतात.

आरतीच्या दिवशी दुपारी मला एक फोन आला. बोलणारा त्या जवानाचा थोरला भाऊ. हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. "साहेब, येक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "त्याचा डावा पाय गुडघ्याखाली न्हाई. नवा बसवलाय. बूट काढायला लई वेळ लागतो त्याला, आन् चारचौघांत काढायचं म्हणलं की त्यो गप होतो. तुमच्याकडं चपला काढाय लावत्यात असं ऐकलंय. तेवढं दारात कुणी अडवू नये, बघा."

"काळजी करू नका," मी म्हणालो. "मी आहे."

मी नानांकडे गेलो. नाना स्टुलावर होते, समोर रांग होती, स्पीकर चालू होता. नानांना काही सांगायचे तर डाव्या कानाशी ओरडून सांगावे लागे, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हती. त्या भावाचा सगळा जीव हे चारचौघांत होऊ नये यात अडकला होता, आणि मी ती चारचौघांत ओरडणार कसा? मनाशी म्हटले, जरा वेळाने नानांना मागच्या बोळात नेऊ आणि तिथे सांगू. मग जनरेटर बंद पडला. मग पोलीस चौकीतून कुणी आले. मग पाहुणे निघाल्याचा निरोप आला. मी विसरलो. यापेक्षा चांगला शब्द मला सापडत नाही आणि मी शोधतही नाही.

जवान आला तेव्हा गर्दीत टाळ्या झाल्या, वीस-पंचवीस फोन वर गेले. नानांनी नेहमीसारखा हात आडवा घातला. "ए, बूट! बूट काढ आधी! इथं कुणी मोठा नाही, कळलं का? कुणी असो!"

पोरगा क्षणभर थांबला. "काढतो काका," म्हणाला आणि पायरीवर बसला. पँट वर केली. पट्टे सोडायला लागला. तेव्हा सगळ्यांना दिसले.

जगाने पाहिलेला व्हिडिओ इथे संपतो.

पुढचे मी पाहिले, कारण मी चार हातांवर उभा होतो. नाना स्टुलावरून उठले. गुडघ्यावर बसले. पोराचा हात धरून थांबवला. मग खांद्यावरचे उपरणे काढले, बादलीत बुडवले, पिळले आणि तो बूट पुसायला लागले. तळवा, टाच, कडा. "हा बूट कुठला," ते म्हणाले, "हा तर पाय आहे तुझा. पाय धुतले की झालं. तो दुसरा काढ फक्त, तो बूट आहे." पोरगा हसला. खरोखर हसला. नानांनी त्याचा पट्टा परत बांधून दिला, हात धरून वर नेले आणि आरती होईपर्यंत त्याच्या डाव्या बाजूला खांबासारखे उभे राहिले.

आरतीनंतर दोघे मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून मोदक खात बसले होते. नानांनी नेहमीच्या आवाजात विचारले, "दुखतं का रे?" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. पोरगा म्हणाला, "थंडीत दुखतं काका. न्हाई त्योच पाय दुखतो." नाना म्हणाले, "असणार. माझ्या ह्या कानाला काही ऐकू येत नाही, पण ठोके येतात. दुकान बंद असलं तरी येतात." मग दोघे उरलेले मोदक संपवत बसले. ते कुणीही चित्रित केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो तुकडा सगळीकडे पोचला होता. "पाय गमावलेल्या जवानाला भर गर्दीत बूट काढायला लावले." खाली शिव्या. नानांचा आवाज तर असा, की ज्याला ते ठाऊक नाहीत त्याला वाटावे, हा माणूस अंगावर धावून जातोय. दुपारी कुठल्या तरी उपनगरातून झेंडे लावलेल्या मोटारसायकली आल्या. "कोण तो म्हातारा? बाहेर काढा." मंडळाच्या नावाने फोन सुरू झाले. मजा म्हणजे, फोन करणाऱ्यांत आमच्याच पेठेतून वीस वर्षांपूर्वी कर्वेनगरला राहायला गेलेले लोकही होते, ज्यांच्या चपला नानांनी लहानपणी सांभाळल्या होत्या. "नाना पहिल्यापासून जरा तसेच होते हो," असे एक जण मला म्हणाला. काय म्हणून "तसेच", ते त्याने सांगितले नाही.

मंडळाच्या खोलीत बैठक झाली. अध्यक्ष घामाघूम. "माफी मागावी लागेल. कॅमेऱ्यासमोर. आजच." कुणी म्हणाले, त्या मुलालाच बोलवू, तोच सांगेल काय झाले ते. त्या मुलाने सकाळीच मला आवाजी संदेश पाठवला होता: काकांनी काही वाईट केले नाही, त्यांना त्रास देऊ नका. मी तो ग्रुपवर टाकला. लोकांनी हात जोडल्याची चिन्हे पाठवली. तो संदेश ग्रुपबाहेर गेला तेव्हा लोक म्हणाले, बिचाऱ्यावर दबाव आणला असणार.

नाना कोपऱ्यात बसले होते. त्यांना निम्मे ऐकू येत होते, निम्मे चेहऱ्यांवरून कळत होते. अध्यक्षांनी मला सांगितले, "तू लिही. तुझी भाषा चांगली आहे." मी लिहिले. बँकेत पत्रे लिहून लिहून हात बसलेला. नानांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"अनवधानाने म्हणजे काय रे?"

"चुकून, नाना."

"मग चुकून लिही की. मी बूट काढ म्हटलं ते चुकून नाही म्हटलं, पण. सगळ्यांनाच म्हणतो. त्याचा पाय तसा आहे, ते मला माहीत नव्हतं."

"हो नाना."

"माहीत असतं तर मी उठून बाहेर गेलो असतो त्याला आणायला." मग माझ्याकडे बघून, साधेपणाने, काही मनात न धरता त्यांनी विचारले, "कुणालाच माहीत नव्हतं ना?"

खोलीत सगळे होते. मला एकच शब्द बोलायचा होता.

"नाही नाना," मी म्हणालो. "कुणालाच नव्हतं."

माफीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा घ्यावा लागला. नाना वाचत ते त्यांच्या आवाजात, आणि प्रत्येक वेळी अध्यक्ष म्हणत, "हळू नाना, माज वाटतो." नाना आवाज खाली आणत, तसे त्यांना स्वतःचेच ऐकू येईनासे होई आणि ते मधेच थांबून आमच्याकडे बघत, की बोलतोय ना मी? शेवटी जो घेतला त्यात त्यांचे ओठ हलतात आणि शब्द जेमतेम येतात. लोकांनी खाली लिहिले, आता कशी वाचा बसली. लिहिले, मनापासून नाही. मोटारसायकलवाले परत आले, आणि दुसऱ्या दिवशी नानांना पुन्हा उभे केले गेले. या वेळी हात जोडून, कान धरून. शेवटी "भारत माता की जय" म्हणायला सांगितले. ते तेवढे नाना त्यांच्या आवाजात म्हणाले. आळीच्या टोकापर्यंत ऐकू गेले.

यानंतर ते मांडवात आले नाहीत. अध्यक्ष म्हणाले होते, "यंदा बाहेर नको बसायला, पुढच्या वर्षी बघू." विसर्जनाच्या दिवशी नाना आळीच्या तोंडाशी दारात उभे राहिले आणि मिरवणूक पुढे जाईपर्यंत हात जोडून होते. आम्ही समोरून गेलो. मी ढोलांच्या पलीकडच्या बाजूने चालत होतो. ती बाजू मी मुद्दाम निवडली होती.

पुढे त्यांच्या मुलीने त्यांना हिंजवडीला नेले. तिथे उंच इमारतीत तिचे घर. आळीत येणारीजाणारी पोरे नानांकडे बघून फोन काढत, "तेच ना हे?" म्हणत, तिला ते सहन होईना. नाना जायला तयार नव्हते, पण भांडलेही नाहीत. हातोड्या शेजारच्याला देऊन टाकल्या.

मी तिकडे जायला कितीतरी महिने लावले. गेलो तेव्हा नाना गॅलरीत बसले होते. खाली कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती. "बघ," नाना म्हणाले, "एवढ्या गाड्या, आणि काही ऐकू येत नाही. काचा लावल्यात सगळीकडे." मुलगी चहा ठेवून आत गेली. मी खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ओढली आणि जे मांडवात ओरडून सांगता आले नव्हते ते कानाशी ओरडून सांगितले. भावाचा फोन. मी दिलेला शब्द. बोळ. जनरेटर. आणि नंतरचे "कुणालाच नव्हतं". आतल्या खोलीत भांडी घासण्याचा आवाज थांबला.

नानांनी चहाचा कप उचलला. मग म्हणाले, "तरीच तू तेव्हापासून आला नाहीस."

"मी सगळ्यांना सांगतो नाना. व्हिडिओ करून सांगतो."

"नको. तुला धरतील आता. तुझी पोरगी कॉलेजात आहे. माझं धरून झालंय त्यांचं, ते विसरलेही." त्यांनी चहा संपवला. "त्या पोराला मात्र सांग. त्याच्या भावाने फोन केलेला, म्हणजे त्याला वाटत असणार, म्हाताऱ्याला सगळं माहीत होतं आणि तरी काढ म्हणाला. बूट पुसला तोही लोक बघत होते म्हणून पुसला, असं वाटत असेल. तेवढं सांग त्याला."

"सांगतो," मी म्हणालो. लिफ्टमधून खाली येताना मला हलके वाटले. हे लिहिताना मला त्या हलकेपणाचीच सर्वांत जास्त लाज वाटते. नानांनी मला एक काम दिले होते आणि मी सुटल्यासारखा खाली आलो.

मी त्याला सांगितले नाही. फोन होता, नंबर होता. आज करू, रविवारी करू. त्याची सुट्टी असेल तेव्हा, प्रत्यक्ष भेटू तेव्हा. यातच नाना गेले. साधे आजारपण, चारसहा दिवसांचे. मुलीने कळवले तेव्हा सगळे उरकले होते.

मंडळाने शोकसभा घेतली. फलक लावला, "आमचे मार्गदर्शक". मी माईकवर बोललो; उंदराची गोष्ट सांगितली, लाल बुटांची सांगितली, लोक हसले, डोळे पुसले. खाली उतरलो तर मागच्या रांगेतून तो जवान आणि त्याचा भाऊ पुढे आले. साध्या कपड्यांत होते. गावाहून दोन बस बदलून आले होते. पोराने फोटोला हार घातला, नमस्कार केला आणि मग मला बाजूला घेतले.

"साहेब, येक विचारू? दादानं तुमाला फोन केला हुता ना त्या दिवशी?"

"हो."

"मग काकांना तुमी सांगितलं न्हवतं का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला फक्त जाणून घ्यायचे होते. इतके दिवस तो या एका प्रश्नाभोवती फिरत असणार. नानांनी मला नेमके हेच काम दिले होते, आणि ते काम आता स्वतःच्या पायांनी चालत माझ्यासमोर येऊन उभे होते. मला फक्त "नाही" म्हणायचे होते.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "वय झालं होतं. विसरले असतील."

तो मान हलवत राहिला. "असंल," म्हणाला. "वय हुतंच." भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे निघाले. शेजारीच उभ्या असलेल्या नानांच्या मुलीने ते ऐकले होते. ती माझ्याकडे बघत होती. आत जाऊन वडिलांच्या फोटोसमोरची समई सारखी करू लागली.

हयातभर एकही चप्पल न विसरलेल्या माणसाला मी विसराळू ठरवले, आणि तेही तो उत्तर द्यायला नसताना. नानांना ज्यांनी शिव्या दिल्या ते त्यांना ओळखत नव्हते. मी ओळखत होतो.

स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा मी आधी नाही म्हणालो, मग हो म्हणालो. वर लिहिले आहे तिथपर्यंत आलो आणि काल दुपारी त्या जवानाला फोन लावला. नानांनी जगाला सांगू नको म्हटले होते ते माझ्यासाठी म्हटले होते. ती सवलत मी परत करतो आहे, हेही त्याला सांगितले. मी सगळे बोलून संपवले. पलीकडे कुठेतरी हातपंपाचा आवाज येत होता.

"म्हंजे काकांना ठावंच न्हवतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"आन् तुमी सांगितल्यावर त्यांनी तुमचं नाव कुणाला सांगितलं न्हाई."

"नाही."

पुन्हा हातपंप. मी वाट बघत होतो की तो मला काहीतरी म्हणेल. शिवी दिली असती तरी बरे वाटले असते. त्याने दिली नाही.

"हे छापणार हाय का तुमी?"

"विचार आहे. तुझं काय म्हणणं?"

"छापा," तो म्हणाला. "माझं नाव नका घालू. तुमचं घाला." आणि त्याने फोन ठेवला.

— अरविंद भोकरे, त्या वर्षीचा कार्यवाह